सरकारदरबारी दाद कोणाची लागते?

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘सर्वांस उपयोगी पडेल असे काहीतरी लिहा’ असा निरोप कार्यवाह महाशयांकडून आला, तेव्हा आम्ही जरा विचारात पडलो. आम्ही धंद्याने मास्तर. वर्गात बोलणे निराळे आणि जाणत्या मंडळींसमोर लेखणी उचलणे निराळे. पण नागरिकशास्त्र शिकविताना दरवर्षी एका शब्दापाशी आमची गाडी अडते. तो शब्द म्हणजे ‘दबावगट’. शब्द फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, “सर, दबाव म्हणजे बंद पाळायचा ना?” मुलांचा दोष नाही, त्यांनी सुरतेत दबाव पाहिला तो बंदच्या रूपानेच पाहिला. वास्तविक बंद हे या विद्येचे शेवटचे आणि पुष्कळदा सर्वांत कच्चे पान आहे. आधीची पाने कोणती, ती कोणास वाचता येतात आणि आपल्या मंडळींना ती का वाचता आली नाहीत, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ. राजकीय पक्षाला गादी हवी असते. दबावगटाला गादीवर बसलेल्याचा कान पुरतो. व्यापाऱ्यांचे मंडळ, शिक्षकांची संघटना, शेतकऱ्यांचा संघ, डॉक्टरांची परिषद, एखादी ज्ञातिसभा हे सारे दबावगटच. कर कमी करा, अमुक कायदा करा, तमुक कायदा करू नका, एवढेच त्यांचे मागणे असते. ‘दबाव’ हा शब्द कानाला बरा लागत नाही, हे खरे. तथापि पाच वर्षांतून एकदा मत दिल्यावर मधल्या काळात प्रजेने सरकारशी बोलावयाचे कसे, याला यापेक्षा निराळा मार्ग अद्याप कोणाला सापडलेला नाही.

आता आपण ज्या गावात राहतो, ते सुरत शहर या विद्येत फार जुने आहे. काँग्रेस जन्मण्यापूर्वी चाळीस वर्षे, म्हणजे १८४४ साली, कंपनी सरकारने मुंबई इलाख्यातील मिठावरचा कर मणामागे ८ आण्यांवरून एकदम १ रुपयावर नेला. कारण असे दाखविले, की मालाच्या वाहतुकीवरील जकाती उठविल्यामुळे तूट आली आहे. ती भरून काढणे प्राप्त आहे. जकातीचा भार व्यापाऱ्यांवर होता आणि मीठ तर भाकरी खाणाऱ्या प्रत्येकालाच लागते. तेव्हा व्यापाऱ्याच्या पाठीवरचे ओझे उचलून गरिबाच्या डोक्यावर ठेवण्याचाच हा प्रकार होता. ऑगस्टअखेरीस सुरतेत दुकाने बंद झाली, प्रचंड जमाव रस्त्यावर आला, दंगा झाला, सरकारने फौज आणली. पण शेवटी कर १ रुपयावरून १२ आण्यांवर आला. चार आणे सुटले, आणि ते एकट्या सुरतेचे नव्हेत, तर साऱ्या इलाख्याचे सुटले. पुढे १८४८ साली सरकारने येथे बंगाली वजने व मापे लागू करण्याचा घाट घातला. पुन्हा दुकानांच्या फळ्या लागल्या आणि तो बेत सरकारला सोडून द्यावा लागला.

हे कसे घडले? त्या काळी सुरतेत ‘महाजन’ नावाची संस्था होती. एकेका धंद्याचे एकेक महाजन. त्याचा शेठ, त्याचे नियम, त्याचा दंड. महाजनाने दुकाने बंद म्हटली की बंद. मोडणाऱ्याशी व्यवहार तुटे. म्हणजे जमाव रस्त्यावर दिसला, पण त्याच्या पाठीशी आधीपासून बांधलेले घर होते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

अर्थात दर वेळी यश येतेच असे नाही. १८६० साली प्राप्तिकराविरुद्ध सुरतेतील काही दुकाने बंद झाली, ती सरकारने लगेच उघडविली. १८७८ च्या एप्रिलात लायसेन्स कराविरुद्ध शहर काही दिवस बंद राहिले. हा कर लहानसहान दुकानदाराला लागे आणि मोठ्या पगाराचा सरकारी नोकर व वकील मात्र त्यातून सुटे; त्यामुळे लोक चिडले होते. दंगा झाला, पोलिसांनी गोळी चालविली, माणसे दगावली. कर राहिला तो राहिलाच. मधल्या चौतीस वर्षांत सरकार बदलले होते. कंपनीचे दुबळे राज्य जाऊन राणीचे बळकट राज्य आले होते, आणि त्याला बंदची भीती पूर्वीइतकी वाटत नव्हती.

त्याच सुमारास आपल्या मराठी मुलखात निराळी वाट चोखाळली जात होती. मुंबईत १८५२ साली जगन्नाथ शंकरशेट आदी मंडळींनी ‘बॉम्बे असोसिएशन’ काढून विलायतेच्या पार्लमेंटाकडे अर्ज धाडला होता. पण आम्हास अधिक मोलाची वाटते ती १८७० सालची पुण्याची सार्वजनिक सभा. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, त्यांनी तीत एक नामी तरतूद केली. जो सभासद होईल त्याने निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे! आरंभीचे ९५ सभासद सुमारे ६,००० लोकांची अशी मुखत्यारी घेऊन बसले होते. ‘तुम्ही मूठभर शिकलेले, तुम्हाला विचारतो कोण?’ असा साहेबाचा नेहमीचा टोमणा असे. काकांनी उत्तर आधीच कागदावर तयार ठेवले. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे ठेवली. न्यायमूर्ती रानडे त्या काळी पुण्यात होते; सभेच्या निवेदनांतील आकडेमोडीमागे त्यांचा हात होता. दुष्काळात पिके गेली हे कलेक्टरालाही दिसत होते. परंतु अमुक तालुक्यात अमुक गावी अशी स्थिती आहे, असे लिहून आलेले निवेदन टोपलीत टाकणे अवघड जाते.

अर्ज बरा की बहिष्कार बरा, हा वाद पुढे इतका पेटला की त्याचा स्फोटही सुरतेतच व्हावयाचा होता. १९०७ च्या डिसेंबरात येथे काँग्रेस भरली, टिळक-गोखल्यांच्या पक्षांत फूट पडली आणि मंडपात जोडा उडाला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. जोडा मराठी बनावटीचा होता असे म्हणतात. त्या मानाचे काय करावे हे आम्हास अजून कळलेले नाही. मागणी काय असावी, याबरोबरच ती कोणत्या मार्गाने मांडावी हाही त्या भांडणाचा गाभा होता, एवढे खरे.

सरकारवर बाहेरून वजन पाडण्याचा सर्वांत कडवा अनुभव मात्र आपल्या देशाने घेतला तो विलायतेतल्या लोकांकडून. आपण सारे कापडावर जगणारे, म्हणून हे उदाहरण देतो. मँचेस्टरच्या गिरणीमालकांचे हिंदुस्थान सरकारकडे सारखे गाऱ्हाणे असे, की तुम्ही आमच्या कापडावर आयातकर घेता आणि मुंबईच्या गिरण्यांना आडोसा देता. त्यांच्या रेट्याने १८८२ साली कापडावरील आयातकर उठला. तिजोरीत खडखडाट झाला म्हणून १८९४ साली तो पुन्हा बसवावा लागला. तेव्हा मँचेस्टरने हट्ट धरला, की मग तितकाच कर हिंदुस्थानी गिरण्यांच्या मालावरही बसवा. १८९६ साली विलायती कापडावर साडेतीन टक्के आणि देशी गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के, असा न्याय झाला. हा देशी मालावरचा कर १९२५ सालच्या डिसेंबरात थांबला. मुंबईच्या मालकांचे मंडळ १८७५ पासून उभे होते, पैसा होता, वर्तमानपत्रे होती. मग ते का हरले? लँकेशायरातून पार्लमेंटात सभासद निवडून जात. मुंबईतून एकही जात नसे. ज्याचे मत मंत्र्याला लागते त्याचे गाऱ्हाणे मंत्र्याला ऐकू येते. सहा हजार मैलांवर बसलेला मतदार शेजारच्या मत नसलेल्या प्रजेहून जवळचा ठरला.

आता अलीकडच्या काळात येऊ. १ जुलै २०१७ रोजी देशात जीएसटी लागू झाला आणि कापडावर पाच टक्के कर बसला. तोपर्यंत कापडाच्या व्यापाऱ्यास विक्रीकराची कटकट नव्हती. सुरतेच्या रिंगरोडवरील बाजारांनी सुमारे तीन आठवडे कडकडीत बंद पाळला. सभा झाल्या, प्रचंड मोर्चा निघाला, जुलैच्या पहिल्या आठवड्यात लाठीमारही झाला. मागणी काय होती? ‘कापडावर कर नको.’ ती मान्य झाली नाही. पाच टक्के राहिले आणि बाजार उघडला.

पण त्याच वेळी विणकर कारखानदारांची मंडळे निराळे गाऱ्हाणे घेऊन बसली होती, आणि ते नीट समजून घेण्याजोगे आहे. कृत्रिम धाग्याच्या सुतावर कर १८ टक्के आणि कापडावर ५ टक्के, अशी उलटी उतरंड लागली होती. पुढे सुतावरचा कर १२ टक्के झाला. तोच धरून हिशोब करू. कारखानदाराने १०० रुपयांचे सूत घेतले की १२ रुपये कर भरला. त्याचे कापड समजा १५० रुपयांस विकले. त्यावर कर मिळाला साडेसात रुपये. भरलेल्या बारांतून साडेसात वळते झाले. साडेचार रुपये सरकारकडे अडकले, आणि ते परत देण्याची सोय कायद्यात ठेवलेली नव्हती. अशी मागणी कागदावर मांडता येते, तिचा हिशोब दाखविता येतो, आणि मुख्य म्हणजे ती मान्य केल्याने सरकारचा कर मोडत नाही. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी सुतावरचा दर १८ वरून १२ वर आला. जुलै २०१८ मध्ये अडकलेली रक्कम परत देण्याचे ठरले. ‘कर नको’ म्हणणारे तीन आठवडे बंद पाळून रिकाम्या हाताने परतले आणि ‘आमचे साडेचार रुपये द्या’ म्हणणारे वर्षभर दिल्लीच्या पायऱ्या झिजवून काहीतरी घेऊन आले. आमच्या मते या दोन ओळींत अर्धी विद्या आली.

उरलेली अर्धी २०२१ साली दिसली. ही उलटी उतरंड कायमची मोडावयाची म्हणून सरकारने उपाय काढला तो असा, की कापडावरचा करच पाचावरून बारावर न्यावा. सप्टेंबरात लखनौच्या बैठकीत धोरण ठरले, नोव्हेंबरात अधिसूचना निघाली, १ जानेवारी २०२२ पासून अंमल व्हावयाचा होता. गंमत अशी, की कापडधंद्यातील काही मोठ्या घटकांना हा एकसारखा दर नकोसा नव्हता. ‘कापडधंद्याची मागणी’ असे आपण म्हणतो, पण धंदा एक नसतो. सूत काढणारा, विणणारा, रंगविणारा, विकणारा यांची तोंडे चार दिशांना असतात. या खेपेस मात्र विकणारे आणि विणणारे एकत्र आले. सुरतेच्या बाजारांची मंडळे, विणकरांची मंडळे आणि १९४० पासून चालत आलेले दक्षिण गुजरात चेंबर यांनी निवेदने धाडली, शिष्टमंडळे नेली. ३० डिसेंबर रोजी बाजार एक दिवस बंद राहिला. तीन आठवडे नव्हे, एक दिवस! ३१ डिसेंबर रोजी दिल्लीत तातडीची बैठक होऊन वाढ स्थगित झाली.

एका दिवसाच्या बंदने हे झाले असे कोणी समजू नये. जीएसटीचे दर कोणी एक मंत्री ठरवीत नाही. राज्यघटनेप्रमाणे एक परिषद ठरविते. तीत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव होण्यास तीन चतुर्थांश वजन लागते. म्हणजे एकट्या केंद्राला काही करता येत नाही, तसेच एकट्या राज्यांनाही नाही. सुरतेच्या, भिवंडीच्या, कोलकात्याच्या आणि तमिळनाडूच्या व्यापाऱ्यांनी आपापल्या राज्य सरकारांचे दरवाजे ठोठावले, आणि गुजरातसह अनेक राज्यांनी बैठकीत ‘थांबा’ म्हटले. केंद्रात वस्त्रोद्योग खात्याच्या राज्यमंत्री त्या वेळी सुरतेच्याच खासदार दर्शना जरदोश होत्या. शिवाय पुढचे वर्ष निवडणुकांचे होते. कोणता दरवाजा खरा, तो कोणत्या दिवशी उघडा असतो आणि आत कोण ओळखीचे आहे, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनी एका दिवसाचा बंद केवळ शिक्का मारण्यापुरता केला. पुढे ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत कृत्रिम तंतू आणि सूत हे दोन्ही ५ टक्क्यांवर आले आणि २२ सप्टेंबरपासून उतरंड सरळ झाली. आठ वर्षे लागली. सराफांचेही असेच, २०१२ साली त्यांच्या बंदनंतर दागिन्यांवरचा अबकारी कर मागे घेतला गेला, आणि २०१६ साली सहा आठवड्यांच्या आसपास दुकाने मिटून बसूनही तो राहिला.

येथवर वाचून आपल्यापैकी कित्येकांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला असेल. तो आमच्याही मनात आहे. आमचे अब्बा धुळ्याहून सुरतेस आले ते लूमवर काम करण्यासाठी. बारा तासांची पाळी, मीटरावर मजुरी, कानांत अष्टौप्रहर खडखडाट. म्हातारपणी त्यांच्याशी बोलताना ओरडावे लागे. आपल्या ट्रस्टच्या सभासदांत अर्ध्याहून अधिक घरे अशीच धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेली आहेत. २०१७ साली बाजार तीन आठवडे बंद राहिला, तेव्हा माल उठेना म्हणून खाती मंदावली आणि काम नाही म्हणून कारीगराचा पगारही नाही. त्या बंदच्या कोणत्याही निवेदनात मीटरमागच्या मजुरीची ओळ आमच्या पाहण्यात आली नाही. आठ वर्षांच्या या साऱ्या लिखापढीत सूत होते, कापड होते, व्याज होते. ज्याच्या हाताखालून ते सूत जाते तो मनुष्य नव्हता. यात मालकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी आपले मागणे मांडले. आपले कोणी मांडले नाही.

आणि मांडले तेव्हा ते कसे मांडले गेले? २०२० सालच्या टाळेबंदीत खाती बंद पडली, खानावळी बंद पडल्या. १० एप्रिल रोजी लसकाणा भागात बहुतांशी ओडिशातील कारीगर रस्त्यावर आले. पगार द्या आणि गावी जाऊ द्या, एवढेच मागणे. हातगाड्या पेटल्या, पोलीस आले, अनेकांस पकडून नेले. मेच्या आरंभी वरेलीजवळ पुन्हा तसेच. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खास गाड्या सुटू लागल्या, तोवर आपल्या खानदेशी मंडळींतील कित्येक कुटुंबे पोरेबाळे खांद्यावर घेऊन नवापूरच्या वाटेने पायी निघून गेली होती.

१८४४ च्या जमावामागे महाजन होते. २०२० च्या जमावामागे कोणीच नव्हते. बोलणी करावयाची तर कोणाशी, हे खुद्द अधिकाऱ्यांनाही कळत नव्हते. लाखो माणसे असूनही त्यांची सभासदांची वही नव्हती, पत्ता नव्हता, उद्या पुन्हा येऊन बसेल असा एक मनुष्य नव्हता. त्यातून मत गावी. मतदार यादीत नाव ओडिशात किंवा साक्रीत, आणि घाम सुरतेत. वर मँचेस्टरची कथा सांगितली ती याचसाठी.

कोणी म्हणेल, अंगमेहनतीच्या माणसाला हे जमणारच नाही. जमते. मुंबईच्या बाजारातील माथाडी कामगार हा डोक्यावर गोणी वाहणारा, आज एका पेढीवर तर उद्या दुसऱ्या पेढीवर. त्याचा मालक कोण हेच ठरत नसे. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना एकत्र बांधले. इकडे पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्याची युक्ती अशी, की मालक ठरत नाही ना, मग बाजारासाठी एक मंडळच नेमा. कामगार, व्यापारी आणि सरकार यांचे प्रतिनिधी त्यावर बसवा. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर ठराविक भार मंडळात भरावा. मंडळाने कामगारास पगार द्यावा, त्याचा भविष्यनिधी राखावा. हमालाने गोणी खाली ठेवली की बाजार ठप्प होतो, ही ताकद त्यांच्याकडे पहिल्यापासून होतीच. पण ती ताकद कायद्याच्या कलमात उतरली, कारण तिच्यामागे रोजची वही होती. पुण्याच्या हमाल पंचायतीने तर ‘कष्टाची भाकर’ नावाने स्वस्त जेवणाचे केंद्र चालविले. मोर्चाच्या दिवशीच नव्हे, रोज दुपारी जिथे माणूस येतो ती संघटना टिकते. गुजरातेतही १९७९ साली असंरक्षित अंगमेहनती कामगारांसाठी कायदा झाला आहे. परंतु कायदा पुस्तकात असणे आणि तो वापरणारा हात तयार असणे, या दोन निराळ्या गोष्टी होत.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. वर वर्णिलेला दबाव उघडा असतो, मोर्चाप्रमाणे दिसतो, अर्जाप्रमाणे वाचता येतो. याहून जड दबाव न दिसणारा असतो, आणि तो थैलीचा. अमेरिकेत सरकारदरबारी वजन पाडण्याचा धंदाच करणारे लोक आहेत. त्यांनी आपली व आपल्या गिऱ्हाइकांची नावे नोंदवावीत असा कायदा तेथे १९४६ साली झाला आणि १९९५ साली तो कडक केला. आपल्याकडे असा कायदा नाही. २०१८ पासून निवडणूक रोख्यांच्या मार्गे पक्षांना निनावी देणग्या देता येत. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती योजना घटनाबाह्य ठरविली आणि पुढच्या महिन्यात देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या याद्या लोकांनी वाचल्या. त्या याद्यांत आपल्यापैकी कोणाचे नाव असण्याचा संभव नव्हता. ज्याच्याकडे थैली नाही त्याला उघड्या मार्गावाचून दुसरा मार्ग नाही. म्हणून तो उघडा मार्ग तरी नीट चालता आला पाहिजे.

आता घरची एक हकीकत. आमच्या शाळेच्या गल्लीत पावसाळ्यात खाडीचे पाणी भरते, हे तेथे राहणाऱ्या सभासदांस सांगावयास नको. ट्रस्टच्या छापील कागदावर तीन विश्वस्तांच्या सह्यांनी दोन वर्षांत सहा पत्रे एका कार्यालयात गेली. सहाव्या खेपेस आम्ही स्वतः गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी पत्र वाचले आणि शांतपणे विचारले, “तमे कोना तरफथी?” तुम्ही कोणाच्या वतीने आलात? आम्ही ट्रस्टचे नाव सांगितले. ते म्हणाले, “ट्रस्ट तो ठीक, पण पाणी कोना घरमां आवे छे?” आम्हास उत्तर देता आले नाही. खरे म्हणजे राग आला. घरी परतताना बसमध्ये सार्वजनिक काकांची मुखत्यारपत्रे आठवली आणि राग उतरला.

आमचे वयोवृद्ध विश्वस्त हाजीसाहेब आणि खजिनदार भाऊसाहेब यांच्या कानी ही गोष्ट घातली. हाजीसाहेब म्हणाले, “मास्तर, तुम्ही मुलांना धडा शिकवता तोच इथं करा की!” मग महिला विभागाच्या आपा आणि ताई घरोघर फिरल्या. कोणाच्या उंबऱ्यापर्यंत पाणी, कोणाच्या ओट्यापर्यंत, कोणाच्या चुलीपर्यंत, ते कोणत्या तारखेला, किती तास, असे एका वहीत उतरविले. १८६ घरे भरली. पुरुषमंडळी असती तर एवढी घरे झाली नसती. दुपारी दार उघडते ते बायकांसाठी. मागणी ‘खाडीचा बंदोबस्त करा’ अशी न लिहिता, ‘गल्लीच्या तोंडाशी असलेली तुंबलेली मोरी मोठी करा व जाळी बदला’ अशी लिहिली. ती प्रत त्याच टेबलावर ठेवली, एक नगरसेवकांकडे, एक आमदारांकडे आणि एक वर्तमानपत्राकडे. पुढच्या पावसाळ्यापूर्वी जाळी बदलली. मोरी मोठी झाली नाही. त्या वर्षी पाणी आले, पण चुलीपर्यंत चढले नाही.

यावरून कार्यकारी मंडळाच्या बैठकीत वाद झाला, तोही येथे नमूद करणे रास्त. काही ज्येष्ठांचे म्हणणे असे पडले, की आपला ट्रस्ट धर्मादाय. शिष्यवृत्त्या द्याव्यात, आजाऱ्यास मदत करावी, सरकारच्या वाटेस जाऊ नये. भीती अगदीच निराधार नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेने कोणत्या पक्षाचा प्रचार करणे मुळीच बसत नाही, आणि तसे आपण करूही नये. निवडणुकीच्या दिवसांत आपल्या कार्यालयाचा ओटा कोणासही सभेसाठी देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु ज्या मुलास आपण शिष्यवृत्ती देतो, त्याचा बाप लूमवर बोट गमावून घरी बसला तर ती शिष्यवृत्ती त्याच्या घरात पीठ होऊन जाते. पन्नास वर्षांत आपण हे किती वेळा पाहिले! बापाची नुकसानभरपाई कोठे, कोणत्या कागदावर मागावयाची हे सांगणे धर्मादाय नव्हे काय? हाजीसाहेबांनी दोन्ही बाजू ऐकून निर्णय पुढील बैठकीवर टाकला आहे. मात्र माहिती जमविण्यास मंडळाची संमती मिळाली.

त्याप्रमाणे दुसरी वही घातली आहे. तीत कारीगराचे नाव, मूळ गाव, किती वर्षे सुरतेत, मजुरीचा दर, पाळीचे तास, कामावरची दुखापत, मतदार यादीत नाव कोठे आहे आणि मुलांची शाळा, असे आठ रकाने आहेत. खात्याचे वा मालकाचे नाव विचारलेले नाही, ते सांगण्याची सक्तीही नाही. कोणाच्या कामावर गदा येऊ नये एवढी काळजी घेतली आहे. हा लेख लिहीपर्यंत ६३ नावे झाली. सातव्या रकान्यात आजवर ‘सुरत’ असे केवळ नऊ ठिकाणी लिहिले गेले आहे. ज्यांना इकडच्या यादीत नाव घालावयाचे असेल त्यांच्यासाठी अर्जाचे नमुने आणून ठेवले असून ते भरून देण्यास आमच्या शाळेतील दोन शिक्षक रविवारी बसतात. वही कार्यालयातील लोखंडी कपाटात आहे, किल्ली भाऊसाहेबांकडे. रात्रपाळीच्या मंडळींनी सकाळी ९ ते ११ व दिवसपाळीच्या मंडळींनी सायंकाळी ८ नंतर यावे. येताना रेशनकार्ड किंवा आधारकार्ड आणावे.